विश्लेषण : जाचक बॉसपासून सुटका कशी? अंतर्गत बदली की बाहेरची ऑफर?

पगार वेळेवर, काम आवडीचे, सहकारीही चांगले. पण वरिष्ठ असा की रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यावा. अनेक नोकरदारांची ही अवस्था असते. त्यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग सहसा दिसतात : त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली किंवा दुसरी नोकरी. कोणता मार्ग केव्हा निवडावा आणि कायदा किती साथ देतो?

कडक बॉस आणि जाचक बॉस यांत फरक काय?

कडक वरिष्ठ कामातील चूक दाखवतो, मुदत पाळायला लावतो. जाचक वरिष्ठ चारचौघांत पाणउतारा करतो, हाताखालच्याचे श्रेय लाटतो, माहिती दडवतो, रजा अडवतो आणि मूल्यांकनाची भीती घालतो. अमेरिकी संशोधक बेनेट टेपर यांनी २०००मध्ये या वर्तनावर महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा वरिष्ठाच्या हाताखालचे लोक नोकरी सोडण्याची शक्यता अधिक असते आणि जे राहतात त्यांचे समाधान घटते, मानसिक ताण वाढतो, असे त्यात आढळले. ज्यांना दुसरी नोकरी मिळणे कठीण, त्यांना यातील काही परिणाम अधिक तीव्रतेने भोगावे लागतात, हाही त्यातला निष्कर्ष होता. म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा असणे, हाच मोठा आधार असतो.

कायद्याचे संरक्षण आहे का?

मर्यादित आहे. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३च्या कायद्यातील कलम १२ उपयोगी पडते. चौकशी सुरू असताना पीडित महिलेने लेखी विनंती केल्यास तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची, तसेच तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. मात्र आरडाओरडा, अपमान, मुद्दाम कोंडी करणे अशा सर्वसाधारण जाचासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्सने २००२मध्ये असा कायदा केला. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांवर जून २०२०पासून वरिष्ठांचा जाच रोखण्याचे बंधन आहे. भारतात सारा भरवसा कंपनीच्या नियमांवर आणि मनुष्यबळ विभागाच्या इच्छेवर. म्हणूनच तारीख, वेळ, साक्षीदार यांसह प्रसंगांची नोंद ठेवणे आणि तोंडी मिळालेले आदेश ईमेलवर पक्के करून घेणे महत्त्वाचे ठरते.

अंतर्गत बदली केव्हा योग्य?

त्रास एका माणसाचा आहे की साऱ्या कंपनीचा, हे आधी तपासावे. शेजारच्या विभागातील लोक वर्षानुवर्षे टिकून असतील, तर बदली फायद्याची. सेवा सलग राहते, नोटीस पीरियड नसतो. मात्र ‘इंटर्नल जॉब पोस्टिंग’साठी अनेक कंपन्यांत सध्याच्या पदावर ठरावीक काळ काढल्याची, किमान रेटिंगची आणि वरिष्ठाच्या मंजुरीची अट असते. ज्याच्यापासून सुटायचे, किल्ली त्याच्याच हाती! त्यामुळे रेटिंग खाली येण्याआधीच हालचाल करावी. नव्या विभागप्रमुखाशी बोलताना जुन्याच्या तक्रारी सांगण्यापेक्षा आपल्या कामाविषयी बोलणे हिताचे, कारण कार्यालयात बातमी फिरायला वेळ लागत नाही. आणखी एक खबरदारी : ‘बदली’ समूहातील दुसऱ्या कंपनीत असेल आणि कागदोपत्री राजीनामा देऊन रुजू व्हायचे असेल, तर आधीची सेवा धरली जाईल, हे लेखी घ्यावे.

बाहेरची ऑफर घेताना काय पाहावे?

वरचे अधिकारीही त्याच वरिष्ठाला पाठीशी घालत असतील, तर बदलीने फारसे साधत नाही. पण घाईघाईत घेतलेली ऑफर म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुलाखतीत उमेदवारानेही विचारावे : ही जागा का रिकामी झाली, आधीची व्यक्ती किती काळ होती, थेट वरिष्ठ कोण? त्या वरिष्ठाच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्याशी बोलता आले तर उत्तमच. हाती लेखी ऑफर येईपर्यंत राजीनामा देऊ नये. प्रकृतीच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. ऑफर दाखवून जुन्या ठिकाणी पगार वाढवून घेतला, तरी बॉस तोच राहतो. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ५२ हजार रुपये असतील, तर दर वर्षामागे ३० हजार, म्हणजे पाच वर्षांचे दीड लाख होतात. ती पूर्ण व्हायला काही आठवडेच उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून घ्यावी.

नोटीस पीरियड, बॉण्डचे काय?

आयटी क्षेत्रात ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. कर्मचाऱ्याला बळजबरीने कामावर ठेवता येत नाही. मात्र करारानुसार नोटीसचे पैसे वसूल होऊ शकतात. बॉण्ड म्हणजे निव्वळ कागद, हा समजही धोक्याचा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये वैध ठरवली. याउलट करार संपल्यानंतरही हात बांधून ठेवणारी अट करार कायद्याच्या कलम २७नुसार टिकत नाही, हे क्रिकेटपटू झहीर खानशी संबंधित २००६च्या निकालात याच न्यायालयाने स्पष्ट केले होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. रिलीव्हिंग लेटर अडवले जात असेल, तर पाठपुरावा ईमेलवरच करावा.

सरकारी नोकरीत काय?

महाराष्ट्रातील २००५च्या बदली कायद्यानुसार पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. मुदतपूर्व बदलीसाठी कारणे नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यामुळे अनेक जण साहेबाच्याच बदलीची वाट पाहतात. साहेब जातो खरा, पण दुसऱ्या कार्यालयात तोच खेळ मांडतो.

मग जबाबदारी कोणाची?

आज सुटकेचा सारा खर्च ज्याला त्रास झाला त्याच्याच माथी पडतो. नोटीसचे पैसे त्याने भरायचे, नवे शहर त्याने गाठायचे, मुलांची शाळा त्याने बदलायची. गृहकर्जाचा हप्ता किंवा आईवडिलांचे आजारपण असलेल्याला तर तेही जमत नाही. कंपन्यांनी निदान तीन गोष्टी करायला हव्यात : बदलीवरील वरिष्ठाचा नकाराधिकार काढून घेणे, प्रत्येक वरिष्ठाच्या हाताखालून किती जण बदली मागतात वा नोकरी सोडतात याची नोंद ठेवणे आणि ती नोंद त्या वरिष्ठाच्या बढतीच्या वेळी विचारात घेणे. एकाच टेबलावरून दोन वर्षांत पाच जण उठून गेले, तर सहाव्याला बसवण्याआधी त्या टेबलाच्या प्रमुखाला जाब विचारला पाहिजे.