मारफान सिंड्रोम: आधी इको, मग जीन टेस्ट

"डॉक्टर, मुलाची जीन टेस्ट करून घ्यायची का?" हा प्रश्न आता आरमोरीतही ऐकू येतो. सिकलसेलमुळे आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात आनुवंशिक आजार लोकांना नवे नाहीत. मात्र सिकलसेलचा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. मारफानमध्ये एकाकडून आले तरी पुरते. प्रत्येक अपत्याला 50 टक्के धोका असतो.

मारफान हा शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा आजार आहे. तो साधारण 5,000 माणसांत एकाला होतो. उंच सडपातळ बांधा, लांब बोटे, आत गेलेली किंवा पुढे आलेली छाती, वाकडा कणा, डोळ्यातील भिंग सरकणे ही त्याची लक्षणे. खरी भीती महाधमनीची. हृदयातून निघणारी ही मोठी रक्तवाहिनी हळूहळू फुगते आणि अचानक फाटू शकते.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळली आणि गेली. मारफान होता, हे शवविच्छेदनात कळले. मग भावाला तपासले. त्याचीही महाधमनी फुगलेली निघाली आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली. या आजाराचे एफबीएन-1 हे जनुक सापडले 1991 मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, कर्ज काढून आधी जीन टेस्ट करू नका. आधी अंगतपासणी, डोळ्यांची तपासणी आणि हृदयाचा इको करा. महाधमनी फुगत असेल तर औषधाने तिचा वेग कमी करता येतो.

मग जीन टेस्ट निरुपयोगी आहे का? नाही. रुग्णातला नेमका दोष सापडला, तर तोच दोष भावंडांत, मुलांत शोधता येतो. ज्याच्यात तो नाही, त्याची दरवर्षीच्या इकोतून सुटका होते. पण कधीकधी "अर्थ अनिश्चित" असाही रिपोर्ट येतो, कारण जगातील जनुकीय माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. म्हणून संशोधनात आपली माणसे हवीतच. मात्र रक्त घेण्याआधी मराठीत नीट समजावले पाहिजे आणि रिपोर्ट घरी पोचला पाहिजे.

आणखी एक. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत हा दोष नव्यानेच झालेला असतो. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावू नका.

घरात कुणाला मारफान असेल, किंवा कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर भावंडांचा आणि मुलांचा इको या महिन्यातच करून घ्या.