पुर्जाचे नाव ठाऊक असावे

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की त्याला माल कळतो की नाही हे दोन मिनिटांत उमगते. जो पन्हा विचारतो, सूत किती नंबरचे ते विचारतो, कापड उजेडात धरून ताणा-बाणा पाहतो, त्याच्यापुढे दुय्यम माल टाकायला दुकानदार धजत नाही. जो नुसता "चांगले द्या" म्हणतो, त्याला चांगले मिळेलच अशी हमी कोणी देऊ नये. हे आपल्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. पण हाच व्यापारी आपला टेम्पो घेऊन गॅरेजात उभा राहिला की "चांगले करून द्या" एवढेच म्हणतो आणि बिल येईल ते भरतो.

निमगाव सावा आणि एकंदरीत जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात आपला धंदा चाकांवर चालतो. आठवडे बाजार करणारा कापडवाला, भांडीवाला, बांगडीवाला, फळवाला यांच्याकडे गाडी नसेल तर दुकानच नाही. भिवंडीचे, उल्हासनगरचे गठ्ठे माळशेज घाट चढून येतात. इकडचा टोमॅटो, कांदा, भाजीपाला तोच घाट उतरून कल्याण-मुंबईला जातो. कित्येकांच्या भांडवलाचा मोठा हिस्सा दुकानातील मालात नसून दारात उभ्या गाडीत अडकलेला असतो. आणि गंमत पाहा, पुणे-नाशिक रस्त्याने खाली गेले की चाकण लागते, जेथे गाड्यांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये घडवलेले क्रँकशाफ्ट परदेशच्या गाड्यांत बसतात. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. आपण ज्याला सर्रास "टेम्पो" म्हणतो तो शब्दही मुळात एका जर्मन कंपनीचा; १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोमार्फत तो आपल्या तोंडी बसला. एवढे सगळे शेजारी असून गाडीच्या भाषेत आपण अनपढ राहावे, हे आम्हाला पटत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. व्यापाऱ्याने पाना हातात घेऊ नये, ते उस्तादाचे काम आहे. पण पुर्जाचे नाव आणि त्याचे काम व्यापाऱ्याला माहीत असावे. नाव कळले तर काम कळते, आणि काम कळले तरच दाम कळतो.

क्लचचेच घ्या. गिअर पडताना खरखर होते म्हणून आमची गाडी एकदा एका गॅरेजात गेली. उत्तर आले, "क्लच गेला, पूर्ण सेट टाकावा लागेल." सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, शिवाय गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी. परंतु प्लेट झिजली असेल तर लक्षण वेगळे दिसते. एक्सलेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र त्या मानाने ओढत नाही. येथे तसे काही नव्हते. पेडल मऊ लागत होते आणि तेलाची डबी उतरली होती. म्हणजे क्लचच्या छोट्या सिलिंडरातून तेल गळत होते, त्यामुळे क्लच पुरता सुटत नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने सिलिंडरचे रबर किट बदलले आणि गाडी धावू लागली. पहिल्या गॅरेजवाल्याला आम्ही बेईमान म्हणत नाही, घाईतही असे होते. पण लक्षण नीट सांगता आले नाही तर घाईची किंमत मालकाच्या खिशातून जाते.

आता गाडी खरेदीकडे या. शोरूममधला मुलगा सीसी, बीएचपी, टॉर्क असे शब्द भराभर फेकतो. सीसी म्हणजे सगळ्या सिलिंडरांत पिस्टन वरखाली होताना जी जागा मोकळी होते तिचे माप. २००५ साली आलेल्या टाटा एसचे पहिले इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे होते. बीएचपी आणि टॉर्क यांतला फरक मात्र नीट समजून घ्यावा. उर्दू शाळेत आम्हाला कुव्वत आणि ताकत हे दोन शब्द वेगवेगळे शिकवले होते. कुव्वत म्हणजे जोर, आणि ताकत म्हणजे ठराविक वेळात तो जोर किती काम उरकतो त्याचा हिशेब. टॉर्क हा फिरवण्याचा जोर आहे, बीएचपी ही ताकत आहे. गठ्ठे भरून घाट चढणाऱ्याने टॉर्क किती आहे आणि तो किती आरपीएमला मिळतो, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, हे विचारावे. कमी फेऱ्यांत जास्त टॉर्क देणारी गाडी चढणीला ओझ्यासकट शांतपणे ओढते. नुसता बीएचपीचा मोठा आकडा सपाट रस्त्यावरच्या वेगाच्या कामाचा.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिनही मोठे काम करते. तो फार वेगाने फिरतो आणि तापतो, म्हणून मोठा चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर मोकळी चालू द्यावी. कॉमन रेल म्हणजे डिझेल मोठ्या दाबाने एका नळीत भरून ठेवणे आणि तेथून कॉम्प्युटरच्या हुकुमाने प्रत्येक सिलिंडरला मोजून देणे. हा दाब हजार बारच्याही वर जातो. त्याचे नोजल इतके बारीक असतात की पाणी किंवा कचरा असलेले डिझेल त्यांचे नुकसान करते. जुन्या पंपाची गाडी रॉकेल मिसळलेले डिझेलही कशीबशी पचवत असे, नवी पचवत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे हा येथे खर्च नव्हे, बचत आहे.

ओझ्याबद्दल आपल्यात फार गैरसमज आहे. आरसी पुस्तकावर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की राहते ते कायद्याने भरता येणारे वजन, आणि त्यात चालकाचे व बाजूला बसलेल्याचे वजनही आले. अनेक बंधू कमानीत एक जादा पाटा टाकतात आणि समजतात की गाडीची ताकद वाढली. पाट्याने गाडी बसत नाही एवढेच. ब्रेक, एक्सल, टायर होते तेवढेच राहतात. शॉक ॲब्सॉर्बर तर वजन उचलतही नाही, कमानीची उसळी थांबवणे एवढेच त्याचे काम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये असा दंड लिहिला आहे. एका बाजाराची कमाई त्यात सहज जाते.

टायरवर तर सगळी कुंडली छापलेली असते. १६५/८० आर १४ असे लिहिले असेल तर १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८०, आर म्हणजे रेडियल, आणि १४ इंच रिमचे माप. बाजूला चार आकडी एक शिक्का असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. "नवा" म्हणून घेतलेला टायर कित्येक वर्षे गोदामात पडून होता की काय हे या चार आकड्यांवरून कळते. खोबणीत लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बाद समजावा.

पुढची गोष्ट पैशाची नसून जिवाची आहे. डिझेल वाचवण्यासाठी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे लोक आम्ही पाहतो. ब्रेकला मदत करणारा एक बूस्टर असतो, आणि त्याला लागणारी पोकळी इंजिन चालू असतानाच तयार होत राहते. इंजिन बंद केले की दोन-चार वेळा ब्रेक दाबेपर्यंत तो साथ देतो, मग पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. दुसरे म्हणजे, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर लायनर तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे जुने ऑइल तापल्यावर लवकर उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑइल घालावे आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला आजही सोळा आणे खरा आहे.

एबीएसबद्दलही असाच गैरसमज आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना ते सक्तीचे झाले. एबीएस गाडी जागच्या जागी थांबवत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ देत नाही, म्हणजे स्टिअरिंग तुमच्या हातात राहते आणि आडवे आलेले माणूस किंवा जनावर टाळता येते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते, तेव्हा घाबरून पाय काढू नये. एअरबॅगही पट्ट्याच्या जोडीनेच उपयोगी. पट्टा न लावता पुढे फेकला गेलेला माणूस वेगाने फुगणाऱ्या पिशवीवर आदळला तर तिचा मारही बसू शकतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि गाडीच्या मागच्या बाजूला एक छोटा कारखानाच आला. धुरातली काजळी धरून ठेवणारी गाळणी म्हणजे डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, जरा वेगाने चालावी लागते. जी गाडी रोज फक्त दोन-पाच किलोमीटर बाजारापुरती फिरते तिची गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. कमी पल्ल्याच्या धंद्यासाठी डिझेल गाडी घ्यावी की पेट्रोल, सीएनजी, याचा विचार म्हणून आधीच करावा. काही गाड्यांना डीईएफ नावाचे पाणी लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकून शेताच्या खताचा युरिया विरघळवून घालण्याचा विचारही कोणी करू नये. डीईएफचा युरिया आणि पाणी दोन्ही अत्यंत शुद्ध असतात. खतातली अशुद्धता ती सगळी यंत्रणा निकामी करू शकते.

येथे आमचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो गाडीमालकांपेक्षा कारागिरांसाठी आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगार ज्या धंद्यांत तुलनेने जास्त आढळले, त्यांत कापड, विडी यांच्या जोडीने मोटार दुरुस्तीही आहे. आपल्या मिस्त्रींचा कान असा की नुसत्या आवाजावरून ते टॅपेट की बेअरिंग हे सांगत. उस्तादाकडून शागिर्दाकडे हे इल्म आले. परंतु आजची गाडी आपला आजार आवाजापेक्षा कोडमध्ये सांगते. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे ओबीडीचे सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावला की कोड येतो. कोड म्हणजे निदान नव्हे, हेही समजले पाहिजे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असे नाही. सायलेन्सरला भोक असले तरी तोच कोड येऊ शकतो. कान असलेल्या मिस्त्रीच्या हाती स्कॅनर आला तर त्याला तोड नाही. पण स्कॅनर नाही म्हणून गिऱ्हाईक शोरूमकडे गेले तर कान रिकामा बसेल. म्हणून मुलांना गॅरेजात घालायचे असेल तर सोबत आयटीआयचा कागदही मिळवून द्यावा. मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षांचा, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा आहे. वायरिंगचा नकाशा वाचणे तेथे शिकता येते. सकाळी वर्ग, संध्याकाळी उस्ताद, असे जमवता येते.

शेवटी चार सवयी सांगतो. एक, बिलावर "सामान" असे मोघम न लिहिता पुर्जाचे नाव, कंपनी आणि नंबर लिहून घ्यावा. दोन, बदललेला जुना पुर्जा परत मागावा. मिस्त्रीवर संशय म्हणून नव्हे. झीज कशी झाली ते डोळ्यांनी पाहता येते म्हणून. तीन, ओरिजिनल, ओईएम आणि लोकल यांतला फरक विचारावा. ओईएम म्हणजे गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखानदाराने आपल्या नावाने विकलेला पुर्जा. तो पुष्कळदा स्वस्त आणि भरवशाचा मिळतो. दिव्याची काच लोकल चालेल, ब्रेकचा सिलिंडर आणि टाय रॉड लोकल घेऊ नये. चार, गाडीसोबत आलेले पुस्तक कपाटात ठेवू नये. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या शिकत्या मुलाला, मुलीला वाचायला बसवावे. त्यांचा अभ्यास होतो आणि आपली गाडी टिकते.

वर सांगितलेले शब्द मोजले तर तीस-चाळीस भरतील. आपण कापडाच्या, लाकडाच्या, भांड्यांच्या धंद्यात याच्या दसपट शब्द पाठ केले आहेत. ज्या गाडीवर घर चालते आणि जिच्यात आपली मुले झोपलेली असताना आपण रात्री घाट उतरतो, तिच्यासाठी एवढे शब्द शिकणे मुळीच जड नाही.