शून्याचे तिकीट

परवाचीच गोष्ट. भालकीहून बिदरला येणारी सकाळची बस नेहमीप्रमाणे खचाखच भरली होती. कंडक्टर गर्दीतून वाट काढीत "टिकेट तगोळ्री, टिकेट" म्हणत आले. शेजारच्या मावशींनी हात झटकला. "दोन कोसांवर तर उतरायचंय. पैसे द्यायचे नाहीत, मग तिकीट कशाला, बाबा?" मागून एक विद्यार्थी म्हणाला, "फुकटवाल्यांचा जमाना आला!" सारे हसले. मी मान खाली घातली. कारण माझ्या हातातही तेच शून्य रुपयांचे तिकीट होते.

नंतर मात्र वाटले, मान का घालावी?

कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी 'शक्ती' योजना सुरू झाली. राज्याच्या चारही परिवहन निगमांच्या साध्या बसमधून राज्यातील रहिवासी स्त्रियांना भाडे न देता प्रवास करता येतो. ओळखपत्र दाखवायचे आणि शून्य रकमेचे तिकीट घ्यायचे. पण हा प्रवास खरोखर फुकट आहे काय? मुळीच नाही. त्या प्रत्येक तिकिटाचे भाडे हिशेबात धरले जाते आणि ते सरकारने निगमास द्यायचे असते. सरकारचा पैसा तरी कोणाचा? साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण सर्वजण जो कर भरतो, त्याचाच.

मावशींनी तिकीट घेतले नाही, तर निगमाच्या दप्तरी त्या बसमध्ये बसल्याच नाहीत. अशा दहाजणी झाल्या, की गच्च भरलेली गाडी कागदावर रिकामी धावते. रिकाम्या गाडीची फेरी बंद झाली, तर पहिले शिक्षण कोणाचे सुटेल? आम्हा खेड्यातील मुलींचे! माझ्या थोरल्या बहिणीची शाळा दहावीला सुटली. घरात एकाच पासापुरते पैसे होते, आणि पास भावाचा निघाला.

भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटावरही ऑक्टोबर २०२२ पासून रहिवाशांना बसप्रवास विनामूल्य आहे. तरीही तेथे प्रत्येकाला आपल्या नावाचे कार्ड बसमधील यंत्राला लावावे लागते. भाडे माफ असले, तरी नोंद माफ नाही.

'फुकटवाले' म्हणणाऱ्या बंधूंचेही काही खरे आहे. ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. ते मोजूनही त्यांना उभे राहून यावे लागते. परंतु त्यांची तक्रार गर्दीविषयी असावी, बायकांविषयी नव्हे. पूर्वी ज्या घरी बसून राहत, त्या आज दवाखान्यात, बाजारात, कॉलेजात जाऊ लागल्या, म्हणून गर्दी दिसते. तिच्यावर उपाय एकच : जादा फेऱ्या. त्या मागायच्या तर पुरावा हवा, आणि तो पुरावा म्हणजे हीच शून्याची तिकिटे. तेव्हा बंधूंनो, आमच्या तिकिटांत तुमचीही सोय आहे. अर्जावर सह्या मात्र दोघांनी मिळून करू या.

त्या दिवशी कंडक्टरांनी मावशींच्या हाती तिकीट दिलेच. तुम्हीही, मैत्रिणींनो, तिकीट मागून घ्या, उतरेपर्यंत जपून ठेवा, आणि कोणी हसले तर मान खाली घालू नका.