धावत्या अक्षराचे मोल

केवळ अक्षरे आणि आकडे यांच्या रचनेतून संगणकाच्या पडद्यावर शर्यतीची मोटार साकारण्याची कला आता अपरिचित राहिलेली नाही. चालकाच्या नावातून मोटारीचे नाक घडते, शून्यांची चाके होतात, शर्यतमार्गांची नावे वळणे घेत मागे पसरत जातात. फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. वस्तुतः या कलेत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कलेइतकाच अर्थव्यवहाराचाही आहे : मोटारीवरचे अक्षर कोणाचे?

वेग आणि अक्षर यांची सांगड नवी नाही. इटालियन कवी मारिनेत्ती याने १९०९ साली पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि शर्यतीच्या मोटारीला प्राचीन ग्रीक शिल्पाहूनही सुंदर ठरविले. पुढे १९१४ च्या ‘झांग तुंब तुंब’ या पुस्तकात त्याने ओळींची शिस्तच मोडली. लहानमोठी, विखुरलेली अक्षरे पानावर धावू लागली. अर्थात, त्याच जाहीरनाम्यात युद्धाचाही गौरव होता, हे विसरून चालणार नाही.

शर्यतीच्या मोटारीवर जी अक्षरे पुढे झळकली, ती मात्र कवीच्या हातची नव्हती. १९६८ पूर्वी फॉर्म्युला वनच्या मोटारी बहुधा आपापल्या देशाच्या रंगात धावत : ब्रिटिशांचा हिरवा, इटालियनांचा तांबडा, फ्रेंचांचा निळा. त्या वर्षी पुरस्कर्त्यांच्या जाहिरातींना मुभा मिळाली आणि लोटस संघाची मोटार एका सिगारेटच्या रंगांत अवतरली. तेव्हापासून मोटारीच्या अंगावरची वीतभर जागाही विक्रेय झाली. जागा मर्यादित आणि पाहणारे अगणित. तेव्हा अक्षराला भाव चढणार, हे उघडच होते.

या व्यवहाराचा सर्वांत बोलका धडा तंबाखूच्या जाहिरातींवरील बंदीने दिला. जेथे बंदी असे, तेथे मॅक्लारेनच्या मोटारींवर ‘वेस्ट’ या सिगारेटच्या नावाऐवजी ‘मिका’ आणि ‘डेव्हिड’ ही चालकांची नावे येत. अक्षरांचे वळण मात्र तेच ठेवलेले असे. शब्द गेला, जाहिरात राहिली. फेरारीच्या मोटारीवरील उभ्या रेघांची पट्टी सिगारेटच्या पाकिटाची आठवण करून देते, असा आक्षेप निघाला आणि २०१० साली ती पट्टी काढण्यात आली. तात्पर्य, अक्षराचा नुसता आकारही बोलतो आणि तोही विकता येतो.

म्हणूनच अक्षरचित्रकाराची जबाबदारी वाढते. कंपन्यांची बोधचिन्हे जशीच्या तशी उचलून मोटार रचणारा कलावंत नकळत त्यांचा बिनपगारी जाहिरातदार ठरतो. याउलट, जेनी होल्झर या अमेरिकन कलावतीने १९९९ साली बीएमडब्ल्यूच्या शर्यतीच्या मोटारीवर माणसाच्या हव्यासावर बोट ठेवणारी वाक्ये लिहिली. मोटार कंपनीचीच होती, हे खरे. पण त्या वाक्यांमागे विकायचा माल नव्हता.

साधनांचा अडसर आता पूर्वीइतका उरलेला नाही. संगणकातील अक्षरांची वळणे ज्या वक्ररेषांनी आखली जातात, त्यांचे गणित मोटारींच्या कारखान्यांतच घडले. सित्रोएनमधील पॉल द कास्तल्झो आणि रेनोमधील अभियंता पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचा बाक यंत्राला अचूक सांगता यावा म्हणून ते मांडले. सित्रोएनने तर ते दीर्घकाळ गुप्त राखले होते. आज देवनागरी ‘क’ची गोलाईही त्याच जातीच्या गणिताने पडद्यावर उमटते आणि ती रेखाटण्याची साधने विनामूल्यही मिळतात.

साधन असे सर्वांचे झाले असताना अक्षर पुन्हा बाजाराच्या स्वाधीन करावयाचे काय, याचा विचार शाळा-महाविद्यालयांनी केला पाहिजे. विद्यार्थ्याला अक्षराचे वळण शिकविताना, हे वळण कोणी आणि कशासाठी घडविले, हे विचारण्याची सवयही लावावयास हवी. मोटारीच्या अंगावरची जागा केव्हाच विकली गेली; विद्यार्थ्याच्या कोऱ्या पडद्यावर काय लिहावयाचे, हे ठरविणे अजून त्याच्या हाती आहे.