सागाला लोखंड मानवतं
सुरत म्हटलं की आपल्याला 1664ची स्वारी आठवते, नाहीतर जरीच्या साड्या. तापीकाठी जहाजं बांधणारे पारशी सुतार सहसा आठवत नाहीत. जुन्या अरबी जहाजांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. सुरतेत मात्र एका फळीच्या खाचेत दुसरीची कड बसवून वर लोखंडी खिळे ठोकत, कारण फळी सागाची. सागातल्या तेलामुळे खिळा लवकर गंजत नाही; विलायती ओकमधलं आम्ल मात्र तो खाऊन टाकतं. याच सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने 1817मध्ये मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. आपल्या घरचं काम त्यामानाने किरकोळ: बारीक पट्टीला चूक (छोटा खिळा), फळीला चपट्या डोक्याचा खिळा, बिजागरीला स्क्रूच. तरी फळी चिरतेच! जाणता सुतार आधी खिळ्याचं टोक हातोडीने बोथट करतो. अणकुचीदार टोक पाचर मारल्यासारखं तंतू फाकवतं, बोथट टोक ते तोडत आत शिरतं. आणि फळीच्या कापलेल्या तोंडात सरळ ठोकलेला खिळा फारसा धरत नाही, तिथे तो तिरका मारावा.