उतरवून घेतलेलं उत्तर

न्यू जर्सीतल्या आमच्या नातवाकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय आहे. अडीच लिटरचं टर्बो इंजिन. मिनिटाला ५५० सीसीच्या आसपास पेट्रोल सोडणारे इंजेक्टर काढून तो १००० सीसीचे बसवणार आहे. आणि ट्यूनिंग? ते म्हणे मित्राच्या गाडीतून जसंच्या तसं घेणार! याला माझा सक्त विरोध आहे. (मोठ्या इंजेक्टरला नाही हं. टर्बोने जास्त हवा कोंबायची तर पेट्रोलही जास्त लागणारच.)

साधं गणित करा. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल सोडायचं, म्हणजे हातात २० मिलिसेकंद. त्यातला जवळजवळ एक इंजेक्टर उघडण्यातच जातो, आणि तो इंजेक्टरगणिक, बॅटरीच्या व्होल्टेजगणिक बदलतो. हे आकडे गाडीच्या संगणकाला चुकीचे दिले तर तो अंदाजपंचे पेट्रोल ओतणार. जास्त झालं, तर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन निघतं. कमी पडलं, तर पूर्ण बूस्टवर नॉकिंग होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. हे इंजिन तर त्यासाठी बदनामच आहे.

"पण आजोबा, त्याची गाडी मस्त पळते!" हा काय युक्तिवाद झाला? त्या मित्राने हवा आत घेणारा पाइप बदललाय, त्यामुळे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं त्याचं कोष्टकच वेगळं. शेजारच्या वहीतून उत्तर उतरवणारी मुलं मी जन्मभर पाहिली. त्यांच्या गणितातले आकडे वेगळे असायचे.

इंजेक्टरला पैसे आहेत, डायनोवरच्या एका दिवसाला नाहीत? मग ते जमेपर्यंत जुनेच इंजेक्टर राहू देत, बाळा.