पटेल बिल, शाहू महाराज आणि आजची संसद

१/ १९१८. विठ्ठलभाई पटेल यांनी केंद्रीय विधिमंडळात हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे विधेयक मांडले. धर्म बुडेल, अशी सनातन्यांनी ओरड केली. विधेयक बारगळले.

२/ शाहू महाराजांनी मात्र त्याचे समर्थन केले आणि १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदाच केला. देशभर ही वैधता मिळण्यास १९४९ साल उजाडले. धर्म बुडाला नाही. माणसांची तीस वर्षे मात्र बुडाली.

३/ आज तीच ओरड समलिंगी विवाहाविरुद्ध होते. २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीसाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला आणि हा प्रश्न संसदेचा असल्याचे सांगितले.

४/ परिणामी, आयुष्यभर सोबत राहिलेला जोडीदार मृत्युपत्राअभावी वारस ठरत नाही. दोघांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही.

५/ महाराष्ट्राचे खासदार शाहूंच्या प्रतिमेला हार घालतात. शाहूंनी बहुमताची वाट पाहिली नव्हती. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी या दुरुस्तीच्या बाजूने सभागृहात उभे राहावे. अन्यथा तो हार निव्वळ फुलांचा.